रेकॉर्डिंग चालू आहे, माउसला हात लावू नका

२००३-०४ च्या सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दीड-दोन हजार रुपये मोजले की टीव्ही ट्यूनर कार्ड नावाची वस्तू मिळे. काचेच्या कपाटात आठ-दहा कंपन्यांची खोकी रचलेली असत. कुठलं चांगलं, कुठलं टिकाऊ यावर गिऱ्हाईक अर्धा तास हुज्जत घाली आणि शेवटी सगळ्यांत स्वस्त उचली. त्यात त्याचं फारसं बिघडत नसे. खोकी वेगळी असली तरी आतली चिप बहुधा एकाच घराण्यातली, ब्रूकट्रीची बीटी ८७८ नाहीतर फिलिप्सची ७१३०. सोबत वीतभर ऑडिओ वायर, एक चपटा रिमोट, ड्रायव्हरची सीडी आणि अशा इंग्रजीतली माहितीपुस्तिका, की तिच्यामागची चिनी पानं जास्त समजावीत.

"लावा, बघा आणि पाहिजे ते रेकॉर्ड करा," असं दुकानदार सांगे. लावता येत असे. बघताही येत असे. 'पाहिजे ते' हे दोन शब्द मात्र त्याने पदरचे घातलेले असत.

मुळात घरात संगणक आलेला असे तो मुलांच्या अभ्यासासाठी. त्याच्यातच टीव्ही घुसवायचा म्हणजे घरच्यांची समजूत काढणं आलं, आणि ती काढण्याची रीत चिपळूणपासून चंद्रपूरपर्यंत साधारण सारखीच होती. मुलाला हवं असायचं क्रिकेट. नाव घेतलं जायचं आईच्या मालिकेचं. "आई, तुझी 'वादळवाट' आता कधी चुकणार नाही. तू खुशाल हळदीकुंकवाला जा, आल्यावर बघ." घरात टीव्ही एक, आठ ते दहा त्यावर आईचा ताबा, आणि नेमका त्याच वेळी डे-नाइट सामन्याचा दुसरा डाव. या रोजच्या कटकटीवर तोडगा निघतोय म्हटल्यावर वडीलही पाकिटात हात घालत. मालिकेचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात, तोही फुकट, हे आईला पक्कं ठाऊक असे. ती बोलत नसे. कार्ड आलं की टीव्हीचा रिमोट कायमचा आपल्याकडे राहणार, हा हिशेब तिने दुकानात जायच्या आधीच मांडलेला असे.

कार्ड बसवणं सोपं होतं. कॅबिनेटचं झाकण काढायचं, पांढऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये कार्ड दाबून बसवायचं आणि झाकण परत लावायचं नाही. ते का लावायचं नाही हे आठवड्याभरात कळे.

खरी सुरुवात सॉफ्टवेअरपासून. ते पहिलाच प्रश्न विचारी: देश कोणता? पुष्कळदा तिथे आधीच अमेरिका निवडलेली असे आणि आपला गडी सवयीने 'नेक्स्ट' दाबून मोकळा होई. अमेरिकेची एनटीएससी पद्धत ५२५ रेषांची, सेकंदाला सुमारे ३० चित्रांची. आपली पाल पद्धत ६२५ रेषांची, २५ चित्रांची. रंग पाठवण्याची तऱ्हा निराळी, आवाजाची फ्रीक्वेन्सीही निराळी. त्यामुळे पहिल्या दिवशी पडद्यावर मालिकेतली तुलसी विराणी यायची ती कृष्णधवल, मुकी आणि वरून खाली सरकणारी. सगळं घर मागे उभं. "एवढे पैसे घालून आपण परत १९८१ मध्ये आलो," हे वाक्य वडिलांच्या तोंडून याच वेळी निघे, कारण देशात रंगीत दूरदर्शन १९८२ च्या एशियाडच्या वर्षी आलं हे त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं लक्षात असे.

मग केबल. भिंतीतून येणारी वायर एक, टीव्ही आता दोन. पंधरा-वीस रुपयांचा स्प्लिटर आणून तिचे दोन फाटे केले जात. स्प्लिटर सिग्नल निम्मा निम्मा वाटतो हे शास्त्र दुकानदार सांगत नसे, ते घरच्या टीव्हीवर आलेल्या मुंग्या सांगत. "आधी चांगलं स्वच्छ दिसत होतं," अशी तक्रार आली की मुलगा केबलवाल्याला बोलावी; केबलवाला स्प्लिटर बघे, दोन कनेक्शनचे पैसे मागे, आणि चहा पिऊन जाई.

एवढं होऊन लाल गोल बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. इथे थोडं गणित करायला हवं, कारण ते करणारे फार थोडे होते. पालचं एक चित्र संगणकात ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला २० एमबीच्या वर, तासाला जवळपास ७५ जीबी. त्या वेळी घरातल्या संगणकाची हार्ड डिस्क असे ४० जीबीची, तीही विंडोज, गेम, दादाच्या साखरपुड्याचे फोटो आणि शेकडो एमपीथ्री गाण्यांनी निम्मी भरलेली. ज्याने सेटिंगमध्ये 'बेस्ट क्वालिटी' बघून उत्साहाने 'अनकंप्रेस्ड'वर खूण केली, त्याचा अर्ध्या तासाचा भाग पंधराव्या मिनिटाला डिस्क संपवून बसे. त्याहून शहाणा माणूस एमपेग-२ निवडी आणि तासाला दोन जीबीत भागवी. पण स्वस्त कार्डावर हे दाबण्याचं काम करणारी चिप नसे. तिकडे अमेरिकेत 'हॉपॉग' कंपनीच्या पीव्हीआर-२५० सारख्या कार्डात ती असे. आपल्या कार्डात ते सगळं ओझं बिचाऱ्या सेलेरॉन प्रोसेसरवर. त्याला मध्येच कुणी सॉलिटेअर खेळायला लावलं, की चित्रं गळायची आणि नायिका दारातून थेट स्वयंपाकघरात प्रकट व्हायची.

म्हणून मॉनिटरवर कागद चिकटवलेला असे: रेकॉर्डिंग चालू आहे, माउसला हात लावू नका. संध्याकाळी दोन तास घरातलं सर्वांत महागडं यंत्र अशा सोवळ्यात जाई. अँटिव्हायरसला मात्र हा कागद वाचता येत नसे. त्याची तपासणी बरोबर साडेआठला सुरू व्हायची.

आवाजाची कथा तर स्वतंत्र लिहावी अशी. कार्डातला आवाज त्या वीतभर वायरीतून साउंड कार्डाच्या निळ्या भोकात, म्हणजे लाइन-इनमध्ये जायचा. तो ऐकू येणं वेगळं आणि रेकॉर्ड होणं वेगळं. घड्याळाशेजारच्या छोट्या स्पीकरवर दोनदा क्लिक करा, 'ऑप्शन्स'मध्ये जा, 'रेकॉर्डिंग' निवडा, तिथे लाइन-इनवर खूण करा, अशी ही वाट. ती माहीत नसेल तर खूण बहुधा मायक्रोफोनवरच राहिलेली. आणि मायक्रोफोन कुठे? मॉनिटरच्या कोपऱ्याला टांगलेला, हेडफोनसकट, थेट हॉलकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी आई आणि आजी ऐटीत खुर्च्या ओढून बसत. मालिकेतल्या सासरेबुवांना झटका येतो, सून पदर तोंडाला लावते, आणि लांबून, विहिरीतून यावं तसं तिचं रडणं ऐकू येतं; आणि जवळून, अगदी खणखणीत, घरच्या बाबांचा आवाज येतो: "हॅलो, गॅस एजन्सी का? नंबर लावायचाय. नाही, नाही, जुनाच ग्राहक आहे." मग कुकरच्या दोन शिट्ट्या. मग, "अहो, तिसरी झाली की बंद करा बरं का!" सासरेबुवा तोवर गेलेले असतात. मालिका म्हणून ती फाइल बाद. त्या घरात त्या दिवशी गॅसचा नंबर लागला, याचा पुरावा म्हणून पहिल्या प्रतीची. मायक्रोफोन सोडून 'स्टिरिओ मिक्स' निवडलं तर घरातले आवाज जात आणि संगणकाचे येत. मरणशय्येवरच्या संवादात विंडोजचा 'टिंग' वाजे आणि प्राण सोडणाऱ्या माणसाला याहू मेसेंजरवर कुणीतरी धक्का देई.

सगळं जमलं तरी आवाज आणि ओठ यांची फारकत व्हायची. चित्राचं घड्याळ ट्यूनर कार्डात, आवाजाचं साउंड कार्डात. दोघांच्या वेगात केसाएवढा फरक. भागाच्या सुरुवातीला तो जाणवत नाही. तासाभराच्या कार्यक्रमात शेवटी शेवटी खलनायक बोलायच्या आधीच त्याची धमकी ऐकू येते.

केबलवाल्याचा उल्लेख आधी चहापुरता आला, त्याची एवढ्यात सुटका नाही. संगणकाला वेळ लावून ठेवता येत असे: रोज आठ वाजता, चॅनेल २३. संगणकाला मालिका कळत नसे, त्याला तेवीस कळत असे. आणि तेवीसवर काय दाखवायचं हे ठरवणारा गल्लीच्या टोकाला गच्चीवर, डिश अँटेनांच्या जंगलात बसलेला. त्याने एका दुपारी 'अल्फा मराठी' तेवीसवरून एकतीसवर नेलं की यंत्र निष्ठेने आठवडाभर तेवीसवरचं नवं चॅनेल नोंदवत राही. दमणहून आठ दिवसांनी परत आलेल्या कुटुंबाला सात संध्याकाळींची शिदोरी मिळे ती पोट कमी करण्याच्या पट्ट्यांची. कधी त्या जागी केबलवाल्याचं स्वतःचं चॅनेल येई. त्यावर एखादा नवा सिनेमा (तो तिथे कसा आला हे विचारायचं नाही) आणि खाली सरकती पट्टी: चि. अथर्व यास प्रथम वाढदिवसानिमित्त अनेक शुभाशीर्वाद, शुभेच्छुक आजी-आजोबा, मामा-मामी व समस्त मित्रमंडळ.

अमेरिकेतल्या मंडळींचं हे दुखणं फार आधी बरं झालं होतं. तिथे टीव्हीचं वेळापत्रक संगणकाला वाचता येईल अशा रूपात मिळे. त्याच्याच जोरावर १९९९ मध्ये 'टीवो'चा रेकॉर्ड करणारा डबा आला, २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजची 'मीडिया सेंटर' आवृत्ती काढली, आणि त्याच वर्षी केबल कंपनीच्या डब्याला कंटाळलेल्या आयझॅक रिचर्ड्स या प्रोग्रॅमरने 'मिथटीव्ही' लिहायला घेतलं. हे लिनक्सवर चालणारं फुकट सॉफ्टवेअर जाहिरातीसुद्धा ओळखायचं. दोन जाहिरातींच्या मध्ये क्षणभर येणारा काळा पडदा शोधायचा, कोपऱ्यातला वाहिनीचा शिक्का गायब झाला का बघायचं, आणि तेवढा तुकडा ओलांडायचा. ही युक्ती आपल्या 'असंभव' मालिकेवर चालवली असती तर काय झालं असतं कोण जाणे. अंधारा वाडा, विझणारे दिवे, काळोख. यंत्राने बहुधा मालिका कापून साबण ठेवला असता.

आपल्याकडे वेळापत्रक म्हणजे वर्तमानपत्राचं आतलं पान, आणि त्यावर आदल्या दिवशीची भाजी निवडलेली.

भारनियमनाबद्दल मुंबईकरांना सांगून उपयोग नाही, त्यांना ते कळायचं नाही. २००५ नंतरची काही वर्षं उरलेल्या महाराष्ट्रात लाइट जाण्याचं वेळापत्रक टीव्हीच्या वेळापत्रकापेक्षा जास्त काटेकोर होतं. यूपीएस असायचा, पण तो दहा-पंधरा मिनिटं जीव धरणार, तोही किंचाळत. आणि एव्हीआय फाइलीची एक खोड होती. कुठलं चित्र कुठे ठेवलंय याची अनुक्रमणिका ती सगळ्यात शेवटी, रेकॉर्डिंग रीतसर थांबवल्यावर लिहिते. अठ्ठाविसाव्या मिनिटाला लाइट गेले तर सत्तावीस मिनिटांचा माल डिस्कवर शाबूत पडलेला असे, पण अनुक्रमणिका नाही म्हणून प्लेअर तो उघडायलाच तयार नसे. 'व्हर्च्युअलडब' नावाच्या फुकट प्रोग्रॅमने ही अनुक्रमणिका नव्याने तयार करता येते, हे ज्याला माहीत तो त्या कॉलनीतला वैद्य. लोक त्याच्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन जात आणि तो नाडी बघितल्यासारखा चेहरा करी.

खेळाचं रेकॉर्डिंग हा आणखी वरचा वर्ग. २४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग, पहिल्या ट्वेंटी-२० विश्वचषकाची अंतिम लढत, भारत विरुद्ध पाकिस्तान. संगणकवाल्यांनी दुपारीच डिस्क रिकामी करून ठेवलेली. विंडोज ९८ च्या काळापासून ज्यांची डिस्क फॅट-३२ पद्धतीने आखलेली होती, त्यांना एक गोष्ट ठाऊक नसायची: त्या आखणीत एका फाइलीला ४ जीबीच्या पुढे वाढता येत नाही. तासाला दोन जीबी धरले तर ही मर्यादा दोन तासांनी, म्हणजे पाकिस्तानचा डाव जेमतेम रंगात येताना गाठली जाते. भारताच्या १५७ धावा त्यात आहेत. जोगिंदर शर्माचं शेवटचं षटक, मिसबाहचा तो उलटा फटका, श्रीशांतचा झेल, पाच धावांनी विजय, यातलं काही नाही. त्या फाइलीत पाकिस्तान अजून आरामात जिंकू शकतो.

बरं, हे सगळं कायद्यात बसत होतं का? अमेरिकेत यावर मोठा खटला झाला. सोनीने १९७५ मध्ये बेटामॅक्स बाजारात आणला. वर्षभरातच युनिव्हर्सल आणि डिस्ने या स्टुडिओंनी कोर्टात धाव घेतली. १७ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सोनीच्या बाजूने कौल दिला: नंतर बघण्यासाठी घरच्या घरी नोंदवून ठेवणं हा गुन्हा नव्हे. मुलांच्या कार्यक्रमांमुळे घराघरांत पोचलेल्या फ्रेड रॉजर्स यांनी खटल्यात साक्ष दिली होती, की आपला कार्यक्रम कुटुंबाने सोयीच्या वेळी रेकॉर्डवरून पाहिला तर आपली काहीच हरकत नाही, आणि निकालपत्राने त्या साक्षीची दखल घेतली. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ३९ वं कलम प्रसारणाचं स्वतःच्या वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग उल्लंघन मानत नाही. 'स्वतःच्या' म्हणजे किती जणांच्या, यावर मराठी घरांत मतभेद होते. मामाने रेकॉर्ड करून लिहिलेली व्हीसीडी आत्याकडे, आत्याची तिच्या भिशीकडे, भिशीची परत येतच नसे.

आणि या व्हीसीडी बघत कोण होतं? इथे जरा खरं बोलायला हवं. रेकॉर्ड करणारा कधीच बघत नसे. त्याचा आनंद भाग पकडण्यात, जाहिराती कापण्यात, 'नीरो'मध्ये सीडी लिहिण्यात आणि तिच्यावर काळ्या मार्करने '२१२ ते २१३' असं लिहिण्यात पुरेपूर वसूल झालेला असे. आईने तो भाग दुसऱ्या दिवशीच टीव्हीवर बघितलेला असे, कुकरशिवाय. 'चार दिवस सासूचे'ने तीन हजारांवर भाग केले. त्यातले शंभर जरी कुणी जपले असतील तर त्याच्या घरात माळा भरला असेल आणि प्रेक्षक शून्य.

जपणाऱ्यांना हसणं मात्र सोपं नाही. फिलाडेल्फियाच्या मॅरिअन स्टोक्स या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये मरेपर्यंत घरात अनेक व्हीसीआर रात्रंदिवस चालू ठेवून बातम्या नोंदवल्या. सुमारे ७० हजार कॅसेट. वाहिन्यांनी स्वतः न जपलेलं बरंच काही त्यांत असल्याने तो ढीग पुढे 'इंटरनेट आर्काइव्ह'ने घेतला. ब्रिटनमध्ये बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत जुन्या टेप पुसल्या. 'डॉक्टर हू'च्या हरवलेल्या भागांचा आवाज आज शिल्लक आहे तो टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या पोरांमुळे. आपल्या ट्यूनरवाल्यांनी नेमकं उलट केलं. मालिका ठेवली, जी वाहिनीकडे होतीच, आणि मेहनतीने कापून टाकल्या त्या जाहिराती, बातम्यांच्या पट्ट्या आणि चि. अथर्वचा वाढदिवस. आज ते बघायला जास्त मजा आली असती. राहिलेल्या सीडी कोकणातल्या चार पावसाळ्यांनी वाचण्यापलीकडे नेल्या.

कार्डाचा शेवट तारीख ठरवून झाला. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मुंबईतली जुनी अ‍ॅनालॉग केबल बंद झाली. पुणे, नागपूर, नाशिकसाठी मुदत ३१ मार्च २०१३ होती. दुसऱ्या दिवशी भिंतीतली वायर संगणकाला लावली तर फक्त मुंग्या. आता चॅनेल उलगडायचं काम सेट टॉप बॉक्सचं, आणि तो सिग्नल कुलूपबंद. चिवट मंडळींनी बॉक्समधून लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी काढून कार्डाच्या मागे खुपसल्या. चित्र आलं. पण चॅनेल बदलायला आठ वाजता कुणीतरी बॉक्सचा रिमोट दाबायला घरी हवं. आणि घरी कुणी असेल तर रेकॉर्ड कशाला करायचं? डीटीएचवाल्यांनी तोवर रेकॉर्ड करणारे डबेही विकायला काढले होते. त्यात एका बटणात सगळं जमे, कुठेही अडत नसे, त्यामुळे हौशी लोकांना त्यात काही राम वाटला नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने मीडिया सेंटरही काढून टाकलं.

मालिका आता मोबाइलवर कधीही मिळते, एक दिवस आधीसुद्धा, पैसे भरले तर. मिळत नाही ते एकच: नात्यातलं माणूस टीव्हीवर दिसणं. पुतण्याला लोकल बंद पडल्याबद्दल बातमीवाल्याने प्लॅटफॉर्मवर गाठून काय वाटतं ते विचारलं, तो चार सेकंद बोलला. ही नोंद कुठल्याच अ‍ॅपवर नसते. मावशी धावत येऊन फोन उभा धरून टीव्हीचंच शूटिंग करतात. पडद्याची चमक, पंख्याची घरघर, मावशींचा अंगठा आणि त्यांचंच धावतं वर्णन: "बघा, बघा, आला... हा काय... गेला." तो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. एकवीस अंगठे येतात, दोन हात जोडलेले येतात, आणि नाशिकचे काका विचारतात, "यातला आपला कोणता?"